विसराळू शून्य

आमच्या भाजीवाल्या मावशींकडे थंडीच्या दिवसांत भाजी घेतली की वर कोथिंबिरीची एक जुडी फुकट मिळते. मावशी हिशेब तोंडी करतात, पण समजा त्यांनी तो कागदावर मांडला, तर कोथिंबिरीची ओळ अशी पडेल: एक जुडी, भाव शून्य, रक्कम शून्य. पावसाळ्यात हीच जुडी चाळीस रुपयांवर गेलेली असते आणि मावशी माझ्या नजरेला नजर देत नाहीत. त्या दिवशीची ओळ: शून्य जुड्या, भाव चाळीस, रक्कम शून्य. दोन्ही दिवशी कोथिंबिरीपोटी मी एक पैसा दिलेला नाही, आणि उजवीकडच्या रकान्यात दोन्ही वेळा तेच वाटोळं पूज्य. फरक कळायचा तर पिशवी उघडून बघावी लागते.

शून्याने कशालाही गुणा, उत्तर शून्य. हा नियम आपल्याला इतक्या लहानपणी शिकवतात की त्याच्याकडे पुन्हा वळून बघायचं कुणाला सुचत नाही. गंमत म्हणजे तो पाढ्यांतून येत नाही. आपल्या पणजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं घोकलं. शून्यकी कुणी घोकल्याचं ऐकिवात नाही. शिवाय प्रत्येक पाढा ‘एके’पासून सुरू होतो. त्याच्या वरची पायरी कुणी म्हणतच नाही. म्हणून बघा: सात त्रिक एकवीस, सात दुणे चौदा, सात एके सात. दर पायरीला सात कमी होतात. आणखी एक पायरी वर चढलं की शून्य येतं, आणि तिथे न थांबता अजून एक चढलं तर उणे सात. म्हणजे सात गुणिले शून्य हा वेगळा लिहून ठेवायचा नियम नाही. पाढा जिथून निघाला होता तेच हे ठिकाण आहे.

तरीही हुशार मूल एक प्रश्न विचारतंच. ‘माझ्याकडे सात आंबे आहेत. त्यांना शून्याने गुणलं. आंबे कुठे गेले?’ मुलाचा गोंधळ खरा आहे, आणि तो आपणच करून दिलेला असतो. गुणाकार ही आंब्यांवर करायची क्रिया आहे, कापणं किंवा खाणं यांसारखी, असं त्याला वाटतं. तसं नाही. एका पेटीत चार डझन आंबे मावतात आणि घरी शून्य पेट्या आल्या, तर ४८ गुणिले शून्य. आंबे कुठेही गेले नाहीत, ते रत्नागिरीहून निघालेच नव्हते. ४८ हा आकडा फक्त सांगतो की पेटी आली असती तर तिच्यात किती असते.

गणितज्ञांचा युक्तिवाद याहून कोरडा आहे, पण पक्का आहे. एक म्हणजे एक अधिक शून्य. तेव्हा सात गुणिले एक म्हणजेच सात गुणिले एक, अधिक सात गुणिले शून्य. डावीकडे सात, उजवीकडे सात अधिक काहीतरी. ते ‘काहीतरी’ शून्य नसेल तर कंस सोडवण्याचा आपला नेहमीचा नियम मोडीत निघतो. तो नियम टिकवायचा तर दुसरं उत्तर परवडत नाही.

पण या नियमाची किंमत मोजावी लागते, आणि ती कोथिंबिरीच्या कागदावर आपण पाहिलीच. पाचाला शून्याने गुणलं, शून्य. सातशेला गुणलं, शून्य. आता नुसतं उत्तर हातात देऊन विचारलं की मुळात संख्या कोणती होती, तर सांगता येत नाही. तिनाने गुणलेलं तिनाने भागून परत मिळवता येतं, शून्याने गुणलेलं मिळवता येत नाही. शून्याने भागू नका असं शाळेत दरडावून सांगतात त्याचं कारण एवढंच: भागाकार म्हणजे आल्या वाटेने परत जाणं, आणि शून्याने वाट पुसून टाकलेली असते. परीक्षेत क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष असं समीकरण येतं, मुलं दोन्ही बाजूंचा क्ष उडवतात आणि ‘क्ष बरोबर पाच’ लिहून मोकळी होतात. क्ष स्वतःच शून्य असू शकतो, हे दुसरं उत्तर त्या उडवाउडवीत गेलेलं असतं, आणि त्याबरोबर एक मार्कही.

हा विसराळूपणा आपल्याकडच्या जुन्या गणितींना चांगलाच जाचला. इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाळ, म्हणजे आजच्या राजस्थानातलं भीनमाळ, इथल्या ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. शून्याला नुसती रिकामी जागा न मानता धन आणि ऋण यांच्या पंगतीला बसणारी संख्या मानून त्याने तिचे नियम दिले. शून्याने गुणलं तर शून्य, हे त्यात स्पष्ट आहे. भागाकाराशी मात्र तो अडखळला. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं त्याने सांगून टाकलं. नवव्या शतकात कर्नाटकात महावीराचार्यांनी तर शून्याने भागलं तरी संख्या जशीच्या तशी राहते असं लिहिलं. मोठ्या माणसांच्या चुका आहेत या. कोड्याला हात घातल्याशिवाय अशा चुका होत नाहीत.

मग येतो भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याने ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला आणि त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्याच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्याचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाची नोंद त्यात आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात मठासाठी प्रत्येक तेलघाण्यामागे पळी-पळी तेल द्यावं असा व्यवस्थित हिशेब लावून दिला आहे. ‘लीलावती’ वाचणाऱ्यांच्या दिव्यात खानदेशातल्या घाण्यांचं तेल जळत होतं, ही कल्पना मला फार आवडते.

‘लीलावती’त शून्याच्या आठ क्रियांचं एक छोटं प्रकरण आहे. शून्याने गुणलं तर शून्य, हे भास्कराचार्य सांगतोच. पण लगेच एक सूचना जोडतो: पुढे आणखी काही क्रिया करायच्या शिल्लक असतील तर एवढ्यात शून्य लिहून मोकळे होऊ नका. ती संख्या ‘खगुण’, म्हणजे शून्याने गुणलेली आहे, अशी नोंद ठेवा. ख म्हणजे आकाश, म्हणजे शून्य. पुढे शून्यानेच भागायची वेळ आली तर मूळ संख्या अबाधित समजा. आणि तो नुसतं सांगून थांबत नाही, एक उदाहरणही घालतो. एका संख्येला शून्याने गुणलं, आलं त्यात त्याचंच निम्मं मिळवलं, तिनाने गुणलं, शून्याने भागलं, तर ६३ आले. ती संख्या कोणती? नोंद ठेवत गेलं तर सोपं आहे. संख्या १४ धरा. चौदा शून्यं, त्यात सात शून्यं मिळवून एकवीस शून्यं, तिनाने गुणून त्रेसष्ट शून्यं, शून्याने भागून त्रेसष्ट. नोंद न ठेवता पहिल्याच पायरीला शून्य लिहिणारा विद्यार्थी तिथेच बुडतो.

आजच्या काटेकोर बीजगणितात हे चालणार नाही. शून्य भागिले शून्य याला अर्थ नाही, आणि परीक्षकाने लाल रेघ मारली तर ती योग्यच म्हणावी लागेल. पण याच हिशेबाचा ग्रहगणितात मोठा उपयोग होतो, असंही भास्कराचार्य तिथे नमूद करतो, आणि त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे नेमक्या एका क्षणीच्या गतीचा, विचार त्याने केलेला आहे. यावरून त्याने कॅल्क्युलस शोधला अशी आरोळी ठोकायची घाई मी करणार नाही. मात्र हिशेबात शून्य नेमकं कधी मांडायचं, हा प्रश्न त्याला पडला होता एवढं नक्की. आणि तो प्रश्न किती खोल आहे हे बघायला एक विहीर पुरते.

विहिरीत दगड सोडा. हवेचा अडथळा सोडून दिला तर एका सेकंदात तो ४.९ मीटर खाली जातो. पुढचा हिशेब काळाच्या वर्गाने चालतो: ४.९ गुणिले काळ गुणिले काळ. प्रश्न असा, की बरोबर एक सेकंद झाला त्या क्षणी दगडाचा वेग किती? वेग म्हणजे अंतर भागिले काळ. पण ‘त्या क्षणी’ म्हटलं की काळ शून्य, आणि शून्य काळात कापलेलं अंतरही शून्य. हातात राहतं शून्य भागिले शून्य. दगड मात्र धाडधाड चाललेला आहे.

म्हणून क्षणाऐवजी त्याच्यापुढचा एक छोटा अवधी घेऊ, त्याला ‘क’ म्हणू. त्या अवधीत दगड कापतो ९.८ गुणिले क, अधिक ४.९ गुणिले क गुणिले क, इतकं अंतर. आता या ठिकाणी क शून्य मांडला तर दोन्ही पदं मरतात आणि आपण होतो तिथेच. थांबा, शून्य मांडू नका. आधी क ने भागून घ्या. वेग येतो ९.८ अधिक ४.९ क. क म्हणजे सेकंदाचा दहावा भाग घेतला तर १०.२९, शंभरावा घेतला तर ९.८४९, हजारावा घेतला तर ९.८०४९. क आकसत गेला की दुसरं पद विरत जातं आणि उत्तर ९.८ वर येऊन टेकतं. क ने गुणलेला जो भाग मरायचा तो मेला, पण भागाकार उरकल्यावर. क्रम उलटा केला असता तर ९.८ सुद्धा सोबत गेलं असतं.

न्यूटन आणि लायब्निट्स यांनी सतराव्या शतकात हे तंत्र सर्रास वापरलं, आणि १७३४ मध्ये बिशप बर्कली यांनी त्यांच्या मांडणीची चांगलीच खिल्ली उडवली. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: भागताना हा क शून्य नाही म्हणता, आणि भागून झालं की त्यालाच शून्य म्हणता, एकदा काय ते ठरवा. ठरवायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. कोशी आणि वायरस्ट्रास यांनी सीमेची कल्पना नीट बांधली, तेव्हा क ला कधीच शून्य व्हायची गरज उरली नाही.

आता थोडं भौतिकशास्त्र. तिथे गुणाकारातली प्रत्येक संख्या कशाची तरी असते, न्यूटनची, मीटरची, व्होल्टची, त्यामुळे उत्तर शून्य आलं तरी कोणत्या बाजूने आलं हे विचारता येतं. शाळेत शिकवतात: कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. फलाटावर हमाल तीस किलोची बॅग डोक्यावर घेऊन उभा आहे, गाडीला अर्धा तास उशीर आहे. विस्थापन शून्य, म्हणून बॅगेवर केलेलं कार्य शून्य. गाडी आली आणि तो सपाट फलाटावरून एकाच चालीने निघाला, तरी बल वरच्या दिशेला आणि चाल आडवी; पुन्हा शून्य. बॅग जमिनीवरून १.७ मीटर उचलून डोक्यावर ठेवली तेव्हा काय ते सुमारे ५०० ज्यूल कार्य झालं, चमचाभर साखरेतल्या ऊर्जेच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. हे ऐकून विद्यार्थी हसतात, आणि हमालाने ऐकलं तर भाडं वाढवून मागेल.

सूत्र चुकलेलं नाही. ते बॅगेचा हिशेब मांडतं, हमालाचा नाही. स्नायू ताठ ठेवायचा म्हणजे त्याच्या आतल्या तंतूंमधले सूक्ष्म आकडे सतत पकडतात, ओढतात, सुटतात, पुन्हा पकडतात. त्या प्रत्येक ओढीला इंधन लागतं आणि त्याची उष्णता होऊन घाम निघतो. हीच बॅग टेबलावर ठेवा. टेबल वर्षभर तिला पेलेल आणि घोटभर पाणीही मागणार नाही. बॅगेच्या बाजूने बघितलं तर टेबल आणि हमाल यांच्यात फरक नाही, आणि शून्य तेवढंच सांगत असतं.

काही शून्यं तर मुळात शून्यंच नसतात. वायूचं सूत्र घ्या: दाब गुणिले आकारमान हे तापमानाच्या प्रमाणात असतं. कुणी त्यात सरळ सेल्सिअस घातलं, तर शून्य अंशाला उजवी बाजू शून्य, म्हणजे डावीकडे दाब तरी शून्य किंवा आकारमान तरी. लेहमध्ये जानेवारीत प्रत्येक गाडीचं टायर बसायला हवं. बसत नाही, कारण सेल्सिअसचं शून्य ही पाणी गोठण्याची खूण आहे, आपण सोयीसाठी ठोकलेली खुंटी. तापमान ‘काहीच नाही’ असा तिचा अर्थ नाही. केल्व्हिन यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष मोजपट्टी सुचवली. तिचं शून्य सेल्सिअसच्या उणे २७३.१५ ला येतं. तिने मोजलं तर २७ अंशांवरून शून्यावर उतरताना टायरमधल्या हवेचा एकूण दाब जेमतेम नऊ टक्क्यांनी घटतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतल्या कुंडीचंही असंच. उंची गॅलरीपासून मोजली तर कुंडीची स्थितिज ऊर्जा शून्य. खालून चाललेल्या माणसाला ते पटवून बघा.

यातली एक गोष्ट मी पुस्तकाऐवजी स्टुलावर उभा राहून शिकलो. बाथरूमचा बल्ब होल्डरमध्ये नीट बसत नव्हता. बटण बंद करून मी होल्डरला हात घालणार, तेवढ्यात दुसऱ्या कामासाठी आलेला वायरमन म्हणाला, ‘काका, थांबा जरा.’ त्याने होल्डरला टेस्टर टेकवला. टेस्टर लख्ख पेटला. ‘कुणीतरी स्विच न्यूट्रलवर टाकलाय. फेज सरळ इथवर आलीय.’

विद्युत शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पिअर. बल्ब विझलेला होता, मीटर त्याच्यापोटी काही मोजत नव्हता, शून्य वॅट. पण ते शून्य आलं होतं प्रवाहाच्या बाजूने. होल्डर आणि जमीन यांच्यात २३० व्होल्ट ताटकळत उभे होते, वाहायला वाट नव्हती म्हणून गप्प. स्विच फेजवर असता तर तेच शून्य व्होल्टच्याही बाजूने आलं असतं. अंधार दोन्हीकडे सारखाच. पण प्रवाहाचं ते शून्य माझं बोट लागेपर्यंतचंच होतं. तेव्हापासून बटण बंद आहे यावर मी विश्वास ठेवत नाही, टेस्टर विकत घेतला आहे.

याच्या अगदी उलट टोकाचं शून्य १९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला सापडलं. कामरलिंग ओनेस यांनी पारा सुमारे ४.२ केल्व्हिनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युत रोध एकदम नाहीसा झाला. इथे प्रवाह भरपूर, व्होल्ट शून्य, गुणाकार पुन्हा शून्य वॅट. बहुतेक एमआरआय यंत्रांतलं चुंबक याच तत्त्वावर चालतं. त्याच्या वेटोळ्यात एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो आणि चुंबक रात्री दवाखाना बंद असतानाही चालू असतं.

शेवटी प्रकाशाकडे वळू, कारण खगुणाची नोंद ठेवायची सगळ्यात चमत्कारिक वेळ तिथे येते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. प्रकाशकणाचं वस्तुमान शून्य. तेव्हा संवेग शून्य, आणि प्रकाशाने कुणाला ढकलायचं कारण नाही. पण आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत या गुणाकारात आणखी एक गुणक असतो. रोजच्या वेगांना तो जवळजवळ एक असतो म्हणून आपल्याला तो दिसत नाही. प्रकाशाच्या ९० टक्के वेगाला तो सुमारे २.३ होतो, ९९ टक्क्यांना सुमारे ७.१, आणि प्रकाशाच्याच वेगाला पोचलं की अनंत. म्हणजे प्रकाशकणाच्या वाट्याला शून्य गुणिले अनंत आलं. संगणकाला हा गुणाकार सांगितला तर तो ‘ही संख्याच नाही’ असा शेरा देऊन हात झटकतो. निसर्गाला हात झटकता येत नाहीत. तो उत्तर देतो, आणि प्रत्येक प्रकाशकणासाठी वेगळं. वस्तुमान तेच शून्य, वेग तोच, तरी जांभळ्या प्रकाशाच्या कणाचा संवेग लाल प्रकाशाच्या कणाच्या जवळपास पावणेदोन पट. ही माहिती वस्तुमानातही नाही आणि वेगातही नाही; ती ऊर्जेत, म्हणजे रंगात जपलेली असते. प्रकाशकणाची ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग, हा त्याचा संवेग.

२०१० मध्ये जपानने शुक्राच्या दिशेने ‘इकारोस’ नावाचं यान सोडलं. वाटेत त्याने सुमारे १४ मीटर बाजूचं चौकोनी शीड उघडलं, केसाच्या जाडीच्या दशांशाएवढ्या पातळ पापुद्र्याचं. त्यावर ऊन पडलं. शून्य वस्तुमानाच्या कणांनी त्या शिडाला दिलेला जोर मोजला गेला तो १.१२ मिलिन्यूटन, म्हणजे तळहातावर तांदळाचे चार-पाच दाणे ठेवल्यावर लागतो तेवढा.